सात नंबरचा ट्रे

सात नंबरचा ट्रे घेऊन वासुदेवराव खिडकीच्या उजेडात गेले. पाच, सहा आणि आठ नंबरच्या ट्रेवर थोडं हिरवट पाणी वाळलं होतं. सातमध्ये एक घट्ट शीट पडली होती.

"याला कोणी खायला दिलं?"

सेलूच्या रस्त्यावरच्या त्या शेडमध्ये आठ कोंबडे आठ पिंजऱ्यांत होते. सरकीच्या ढेपेचं नवं खाद्य कोंबड्याच्या अंगी किती लागतं, ते मोजायचं होतं. चौघांना तोलून खाद्य दिलं होतं. उरलेल्या चौघांना दोन दिवस फक्त पाणी. उपाशी कोंबड्याच्या पोटातूनही काहीतरी पडतंच. ते वेगळं काढल्याशिवाय खाद्यातलं किती अंगी लागलं आणि किती वाया गेलं, ते कळत नाही. सगळ्यांची विष्ठा वाळवून वासुदेवराव नागपूरला नेणार होते. तिथे ती यंत्रात जाळून तिची उष्णता मोजायची होती.

"शेडमध्ये तुम्ही दोघंच असता," ते म्हणाले. "ज्याने दिलं असेल त्याने उद्यापासून येऊ नये."

ते शकुबाईकडे पाहत होते. ट्रे खरवडायचं काम तिचं होतं.

"कोंबड्याले घालाले माह्या घरी ज्वारी असती साहेब, तं तुमच्या कोंबड्यायचा गू खरवडाले काऊन आली असती मी?"

"मग आभाळातून पडली?"

शकुबाईचा आवाज खाली आला. "काम नका काढू जी. म्या खरंच नाई देल्लं."

शेड राखणाऱ्या तानबाने पाण्याची बादली खाली ठेवली. करदोट्याला बांधलेली शेडची किल्ली सोडली आणि टेबलावर ठेवली.

"तिले काई बोलू नका, साहेब. म्या देल्लं."

"तू? पाच वर्षं झाली तुला इथे. उपाशी म्हणजे उपाशी, हे तुला सांगायला लागतं?"

"नाई जी."

"मग का दिलंस?"

तानबाची बायको जयवंता जाऊन सव्वा महिना झाला होता. तेव्हापासून तो जेवायला बसला की पहिला घास तिच्या नावाने काढून शेडमागच्या भिंतीवर ठेवायचा. कावळा येऊन न्यायचा. मग तो जेवायचा. वासुदेवरावांनीही ते पाहिलं होतं.

"काल कावळा आला नाई," तानबा म्हणाला. "लय वाट पायली. आत आलो तं हा मान भायेर काढून पाहून राह्यला होता."

"देऊ नकोस म्हणून मी सांगितलं होतं ना?"

"सांगतलं होतं. तिच्या वक्ताले डाक्टरनं बी तसंच सांगतलं होतं. ती मांगत होती, अन् डाक्टर म्हणे काई देऊ नको. तवा म्या ऐकलं."

पिंजऱ्यात कोंबडे पाय बदलत होते.

वासुदेवरावांनी वही ओढली. "किती दिलंस?"

"एक घास."

"घास म्हणजे किती? मला ग्रॅम लागतात. तेवढं वजा करता आलं तर हा कोंबडा हिशेबात धरता येईल."

तानबाने आपलं फडकं सोडलं. आजची भाकरी अजून तशीच होती. त्याने तिचा तुकडा मोडला, पाहिला, त्यातला अर्धा पुन्हा फडक्यात ठेवला आणि उरलेला तराजूच्या पारड्यावर ठेवला.

काटा जेमतेम हलला.

"एवढासा?" वासुदेवराव म्हणाले. "घास म्हणालास ना?"

"तिनं तेवढाच मांगतला होता."

वासुदेवरावांनी वजन लिहिलं नाही. सात नंबर पेन्सिलीने खोडला.

"पुढच्या सोमवारी चौघांना पुन्हा उपाशी ठेवू," ते म्हणाले आणि किल्ली तानबाकडे सरकवली.

तानबाने ती उचलली नाही.

आठ नंबरचा ट्रे तोलायचा राहिला होता. शकुबाई तो घेऊन टेबलाशी आली. पारड्यावर घास होता. ती ट्रे धरून तशीच उभी राहिली.