मादीनची शिंपली

ऐका तर! बहिणीच्या झिलाच्या, म्हणजे तान्ह्या मुलाच्या बाप्तिस्म्याला रॉविना मादीन होणार होती, म्हणजे धर्ममाता, आणि डोक्यावर पाणी ओतायची चांदीची शिंपली बांद्याला घरीच विसरून आली! चर्चच्या पायरीवर बाळाची आत्या कडाडली, “शिंपली सांभाळूक येणा नाय, झील काय सांभाळतली? मीच होतंय मादीन!” रॉविना चपला टाकून सुसाट समुद्राकडे पळाली. विधी सुरू झाला. फादरनी विचारलं, “मादीन, ह्या लेकराला सांभाळायला तयार आहेस?” मादीनची जागा रिकामी! आत्या बाळाला घेऊन पुढे सरसावली, इतक्यात दारातून आवाज आला, “तयार आसंय, फादर!” कंबरेपर्यंत भिजलेली रॉविना धापा टाकत उभी, फ्रॉकला शेवाळ, हातात तळव्याएवढी शिंपली. फादर म्हणाले, “वाळू तेवढी धुवून घे.” आत्या फिसकन हसली आणि बाळ रॉविनाच्या ओल्या हातांत ठेवत म्हणाली, “घे गो, सांभाळ तुझ्या झिलाक!”