शरयूताईचं पोहणं

सत्तरीची शरयूताई सांगलीच्या तरणतलावात बिनधास्त सूर मारत होती आणि काठावर बसलेल्या धाकट्या बहिणीचा, विमलचा, जीव थाऱ्यावर नव्हता. मेंदूत नव्या पेशी वाढवणारी इंजेक्शनं सुरू झाल्यापासून ताई लहान मुलासारखी भराभर शिकत होती. कानडी झालं, आता पोहणं. नव्या पेशी आल्या की जुन्या काही आठवणी पुसल्या जातात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. विमलचं पहिलं इंजेक्शन आज दुपारी होतं.

ताई दम खायला काठाशी आली.

"ताई, पाण्याची भीती नाही वाटत?"

"कसली भीती?"

"आपला मुकुंदा कृष्णेत बुडाला ना गं."

"कोण मुकुंदा?"

विमल पाण्याच्या अगदी कडेशी सरकली. मग तिने सगळं सांगितलं. मुकुंदा त्यांचा धाकटा भाऊ. पुराच्या पाण्यात ताईच्या हातातून त्याचा हात सुटला आणि त्यानंतर ताईने कधी नदीत पाय घातला नाही.

ताईने लक्षपूर्वक ऐकलं आणि धडा म्हणावा तसं ते एकही शब्द न चुकवता परत म्हणून दाखवलं.

"बिचारा!" म्हणत ती पुन्हा पाण्यात शिरली.

विमल उठून काठाने येरझारा घालू लागली. शेवटी तिने दवाखान्यात फोन लावला.

"माझं आजचं इंजेक्शन रद्द करा."

"आजी, उशीर करू नका," नर्स म्हणाली. "परवा तुम्हाला घरचा रस्ता आठवत नव्हता."

"हो," विमल म्हणाली. "पण मुकुंदा अजून आठवतोय."