गाळलेले फोन

“त्या दुपारी तुमच्या नंबरवरून फोन आलाच नव्हता, दोन्या ओतिलिया. किती वेळा तेच सांगायचं?”

नोएलियाचा आवाज नको इतका चढला. समोरची म्हातारी, ओतिलियाबाई, जागची हलली नाही. लोमा व्हेर्देच्या टेकडीवरून ती दर सोमवारी उतरून यायची आणि रुग्णवाहिकांच्या नियंत्रण कक्षात एकच मागणी करायची, माझा फोन शोधा. दोन वर्षांपूर्वी तिचा नवरा अंगणात कोसळला आणि गाडीची वाट बघत गेला. तेव्हापासून बाईचं डोकं फिरलंय, असं कक्षातले सगळे म्हणत.

“अजून एकदा बघ ना, पोरी,” म्हातारी म्हणाली.

नोएलिया चडफडत आत गेली. कक्षात आलेल्या प्रत्येक फोनची नोंद यंत्रात आपोआप होई. त्या लाखो नोंदींतून शोधायची आज्ञा लांबलचक होती, म्हणून विल्मरने, नोएलियाच्या इंजिनियर साहेबाने, त्या आज्ञेचा एक मॅक्रो करून ठेवला होता. नाव ‘लिंपियो’, म्हणजे स्वच्छ. एवढा एक शब्द टाकला की मागची सगळी आज्ञा आपोआप चालायची. प्रत्येक शोध, प्रत्येक अहवाल त्या शब्दावर चाले. आत काय लिहिलंय, हे कुणी उघडून पाहिलं नव्हतं.

रागाच्या भरात तिने नावातलं एक अक्षर चुकवलं. यंत्राने आज्ञा नाकारली. पुन्हा टाइप करायचाही तिला कंटाळा आला. तिने मॅक्रोचं नाव खोडलं, नुसता नंबर आणि तारीख घातली.

पडद्यावर ओळी उमटल्या. एकाखाली एक. त्याच दुपारच्या, त्याच नंबरच्या. प्रत्येक फोन लागला होता आणि लागताच तुटला होता.

तिने लिंपियो उघडला. शेवटची अट साधी होती: पाच सेकंदांच्या आत तुटलेले फोन गाळा.

“पोरांनी उच्छाद मांडला होता तेव्हा,” मागून विल्मर म्हणाला. तो कधी येऊन उभा राहिला, तिला कळलं नाही. “फोन करायचे, शिवी द्यायचे, ठेवून द्यायचे. म्हणून घातली ती अट.”

“टेकडीवर रेंज टिकत नाही, इंजिनियर. त्यांचे सगळेच फोन असे तुटतात.”

विल्मरचा चेहरा उतरला. “आता हात लावू नकोस. अट काढलीस तर आपले आजवरचे सगळे अहवाल खोटे ठरतील.”

“ते खोटेच आहेत.”

तिने अट पुसली आणि मॅक्रो जतन केला. बदल एकाच जागी केला होता, पण भिंतीवरचे सगळे तक्ते हलले. मदत न पोचलेल्या फोनांच्या नकाशात कायम हिरवी असलेली लोमा व्हेर्दे लालभडक झाली. विल्मरने त्या लाल डागाकडे पाहिलं. मग त्याने फोन उचलला.

“एक गाडी टेकडीवर नेऊन उभी करा. शाळेपाशी. हो, आजपासून. रोज.”

नोएलिया बाहेर आली. म्हातारी आता शिव्या घालील, कदाचित थोबाडीतही मारील, अशी तिने मनाची तयारी केली होती.

“सापडले,” ती म्हणाली. “तुम्ही केले होते फोन. एक नाही, बरेच. आम्हीच ते गाळत होतो. चूक आमची आहे, दोन्या ओतिलिया.”

म्हातारी खुर्चीत बसली. मग तिने पिशवीतून मोबाईल काढला, एक नंबर शोधला आणि नोएलियापुढे धरला.

“ही माझी लेक, मार्लेनी. तुमच्याच लोकांनी तिला सांगितलं होतं, आईने फोन केलाच नाही म्हणून. बापाच्या मातीपासून ती माझ्याशी बोललेली नाही. तूच सांग तिला, पोरी. माझा फोन ती उचलत नाही.”