शून्य सेकंद

"आधी ते कर, मग देते," आर्लिस म्हणाली. तिच्या हातात मॉर्फीन भरलेली बिनसुईची सिरिंज होती. ते वर्नच्या जिभेखाली सोडायचं असतं. वेळ होऊन गेली होती.

"आधी दे," वर्न म्हणाला. "मग करतो."

"मग तू झोपतोस. परवा झोपलास तो काल उठलास. आता झोपलास की उठशीलच, याचा काय भरवसा?"

मुद्दा बिनतोड होता. शेवटच्या दिवसांत घरी येऊन सेवा करणाऱ्या हॉस्पिसवाल्यांनी दिवाणखान्यात लावून दिलेल्या पलंगाची फळी आर्लिसने पुढे ओढली, तिच्यावर लॅपटॉप ठेवला आणि नवऱ्याच्या नाकावर चष्मा चढवला.

लॅपटॉप तिचा. ती आईच्या अंत्यविधीला फार्गोला गेली असताना वर्नने तिला न विचारता त्यावर लिनक्स ही दुसरी संगणकप्रणाली टाकली होती. विंडोज काढलं नाही, हा त्याच्या मते त्याचा मोठेपणा. तेव्हापासून लॅपटॉप चालू केला की आधी काळा पडदा येई. त्यावर दोन ओळी, वर लिनक्स, खाली विंडोज. दहा सेकंदांत खालची निवडली नाही, तर वरची आपोआप सुरू. आर्लिसच्या गोधड्यांचे सगळे नमुने खालच्या ओळीत होते. तिला चष्मा सापडेपर्यंत दहा सेकंद संपत.

"हे लिनक्स काढून टाक."

"हे लिनक्स नव्हे. हा बूटलोडर, कुठलं सुरू करायचं ते विचारणारा. लिनक्स त्याच्या..." पोटातून कळ आली. ती जाईपर्यंत तो फळीची कड धरून राहिला. "...नंतर सुरू होतं," त्याने वाक्य पूर्ण केलं.

"बरं. मग बूटलोडर काढ."

"असा उपटून काढता येत नाही तो. विंडोज आपोआप सुरू होईल असं करतो. माझी ओळ राहू दे ना. तुला काय त्रास आहे?"

"आणि तो काळा पडदा?"

"येईल की. पाच सेकंद."

"रोज सकाळी पाच सेकंद मी तुझ्याकडे बघत बसू?"

वर्नने विचार केला. "तीन?"

आर्लिसने सिरिंज उजेडात धरून आतला बुडबुडा पाहिला.

"शून्य," ती म्हणाली.

त्याने फाईल उघडली. पासवर्ड दोनदा चुकला. आपोआप सुरू होण्याची पाळी विंडोजची केली. सेकंद शून्य केले. आता हे बदल लागू करणारी, बूटलोडरची यादी नव्याने लिहायची शेवटची आज्ञा राहिली. ती न देताच 'झालं' म्हटलं असतं, तरी पडद्याकडे बघून आर्लिसला काही कळलं नसतं. पण काम अर्धवट ठेवून मरणं वर्नला जमण्यासारखं नव्हतं. त्याने आज्ञा दिली.

"झालं. दे."

"चालू करून बघू दे."

लॅपटॉप बंद होऊन पुन्हा चालू झाला. काळा पडदा आला नाही. जिथे त्याची ओळ यायची त्या जागेकडे वर्न बघत राहिला. मग त्याने तोंड उघडलं आणि जीभ वर केली.

निळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आली. सुधारणा चालू आहेत. चार टक्के. कृपया बंद करू नका.

"माझं काम झालंय," वर्न जीभ वर ठेवूनच म्हणाला. "हे तुझ्या विंडोजचं आहे."

"माझ्या गोधड्या दिसू देत आधी."

"आर्लिस, अगं..."

"तपासल्याशिवाय झालं म्हणायचं नाही, हे जगाला कोण शिकवत फिरायचं? तूच ना?"

पाच टक्के झाले. आर्लिस उठली. सिरिंज तिने एप्रनच्या खिशात घातली.

"ओव्हन तापलाय. लिंबाचे गोड बार करायला घेते."

वर्नने तोंड मिटलं. "लिंबाचे?" त्याचा चेहरा जरा उजळला. "एखादा तुकडा जाईल मला."

"तुझ्यासाठी नाहीत. तुझ्या अंत्यविधीनंतर चर्चमध्ये लोक जेवायला थांबतील ना, त्यांच्यासाठी. फ्रीजरमध्ये टिकतात."

स्वयंपाकघराच्या दारातून ती मागे वळली.

"शंभर झाले की हाक मार. जरा मोठ्याने हं, मिक्सर चालू असेल."