पायाखालचं मैदान

समुद्रातून वर आलेला तो डोंगराएवढा प्राणी आवाजामागे चालतो हे कळल्यापासून शहरभर भोंगे बसवले होते. जिथला भोंगा वाजेल तिकडे तो जाई. आज बटणांपाशी रेवती तांडेल होती.

“तो टॉवरकडे निघालाय, मैदानावरचा वाजव,” तिचे वरिष्ठ सबनीस साहेब म्हणाले. “रिकामंच आहे ते.”

रेवतीचं डोकं फिरलं. पडद्यावरच्या नकाशात पाच मजल्यांहून बुटकं घर उमटतच नव्हतं. त्या ‘मैदानात’ तिचा अख्खा कोळीवाडा होता, आणि आई आत्ता दारात मासळी साफ करत बसली असणार.

“साहेब, तिथे माणसं राहतात!”

“अगं, टॉवर पडला तर जग बघेल. झोपड्यांकडे कोण बघतंय? सिनेमात तरी काय पडतं? टॉवरच ना?”

“आणि पायाखाली कोण चिरडलं गेलं, ते कुठल्या सिनेमात दाखवतात?” रेवती कडाडली आणि तिनं ते दोघं बसले होते त्याच इमारतीच्या गच्चीवरचा भोंगा सुरू केला. कानठळ्या बसल्या. पडद्यावरचा प्राणी थबकला आणि इकडे वळला.

“वेड लागलंय का तुला?”

“पळा साहेब, जिन्यानं खाली. आज तुम्हीही बघा, पायाखालून शहर कसं दिसतं ते.”