लाल स्टिकर

नागपूरच्या वीज कार्यालयात प्रशिकने दहा वर्षं खपून एकेक ट्रान्सफॉर्मर संगणकात नोंदवला. ज्याच्या जागी बसवायला दुसरा नसे, त्यावर तो लाल स्टिकर चिकटवायचा: ‘पर्याय नाही. हलवू नये.’ यंदा उन्हाळ्यात एकही जळला नाही, म्हणून त्याचा सत्कार होता. तीच संधी साधून त्याने साहेबांपुढे बदलीचा चौथा अर्ज ठेवला. बायको दूर जंगलातल्या सिरोंच्याला शिक्षिका होती. मुलीने बाप बहुतेक फोनवरच पाहिला होता. “लोकं सिरोंच्यातून सुटाले पाहून राहिले, अन् तुले तिकडं जाचं? मंग हे सारं कोण सांभाळन गा?” साहेबांनी हसत अर्ज परत दिला आणि लाल स्टिकर त्याच्या खुर्चीच्या पाठीवर दाबून बसवला. टाळ्या पडल्या. सगळे जेवायला गेल्यावर त्याने नखाने कोपरा उचकटून पाहिला. निघेना. सत्तेचाळीस डिग्रीतही सुटू नये असा डिंक त्यानेच निवडला होता.