मिस्त्रींचं मत

तिसरी तबकडी लावण्याआधी मास्तरांनी ती मऊ ब्रशने पुसली आणि खोलीतल्या तिघांना दम भरला, की या वेळी भांडण शेवटी. मध्ये कुणी तोंड उघडलं तर सुई उचलणार.

दर रविवारी दुपारी याच खोलीत हेच चालायचं. पियानो आणि वाद्यवृंदासाठी रचलेला एक कन्चेर्टो, भल्याभल्यांना घाम फोडणारा. तो वाजवणारे तीन वादक, आणि कोणी कसा वाजवला यावर वाद. आज फरक इतकाच, की खिडकीजवळच्या खुर्चीत मिस्त्री नव्हते, त्यांची मुलगी बसली होती. तिच्या बाबांनी आयुष्यभर पियानो सुरात लावून देण्याचं काम केलं, म्हणून या मंडळींनी त्यांना मिस्त्री करून टाकलं होतं. त्यांना जाऊन महिना झाला होता. खुर्ची रिकामी बघवत नाही, तू येच, असा मास्तरांचा फोन आला होता.

पहिल्या दोघांचा निकाल झटपट लागला. पहिला पाठीमागे कुत्रं लागल्यासारखा वाजवतो, यावर सगळ्यांचं एकमत. दुसरा इतका सावकाश, की दातांच्या डॉक्टरीणबाईंच्या मते तेवढ्यात एक दाढ काढून होईल. खरा वाद तिसऱ्याचाच होता. ते भर मैफलीतलं ध्वनिमुद्रण. वाद्यवृंद थांबतो, पियानो एकटा वर वर चढत जातो, आणि अगदी शेंड्यावरचा सूर येतच नाही. तिथे नुसती शांतता.

डॉक्टरीणबाईंचं म्हणणं, तो सूर त्याने मुद्दाम सोडला. ऐकणाऱ्याच्या मनात वाजावा म्हणून. समीक्षककाकांना हे साफ नामंजूर. त्या मैफलीला ते स्वतः हजर होते आणि वादकाची बोटं थकली आहेत, असं त्यांनी दुसऱ्या दिवशी पेपरात लिहिलं होतं. त्यानंतर त्या वादकाने हा कन्चेर्टो पुन्हा कधी वाजवला नाही.

सुई टेकली. चढण आली, शेंडा आला, सूर आला नाही. आणि मास्तरांचा दम हवेत विरला.

"रोज दुसऱ्यांच्या पोकळ्या बुजवता," काका म्हणाले, "आणि इथे पोकळीचं कौतुक?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एकदा छापून आलंय ना, आता तुम्हाला मागे फिरता येत नाही."

मास्तरांनी कपाळाला हात लावला आणि सुई उचलली.

काका मुलीकडे वळले तेव्हा त्यांचा आवाज मऊ झाला होता. तुझ्या बाबांइतका पियानो आतून ओळखणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, असं ते म्हणाले. अठरा वर्षं दोघं शेजारी शेजारी बसले; पण ही जागा आली की मिस्त्री पाणी प्यायला उठायचे. भिडस्त माणूस.

"पण मी चुकत असतो तर कधीतरी बोललेच असते की नाही? नाही बोलले. म्हणजे मिस्त्रींचं मत माझ्या बाजूला धरा."

मुलीच्या पर्समध्ये बाबांची कामाची वही होती. चार दिवसांपूर्वी हत्यारांच्या पेटीच्या तळाशी सापडलेली. ती इथे दाखवायची नाही, असं ठरवूनच ती निघाली होती. मग बरोबर का घेतली, ते तिचं तिलाच सांगता आलं नसतं. या खोलीत बाबांचं नाव होतं. ते तसंच राहिलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण आता त्यांचं गप्प बसणं साक्षीला काढलं गेलं होतं, आणि ज्याच्याविरुद्ध काढलं तो वादकही आता हयात नव्हता.

"बाबांचं मत लिहिलेलं आहे," ती म्हणाली. मैफलीची तारीख असलेलं पान काढून तिने, जसं होतं तसं, वाचून दाखवलं.

"वरची पट्टी दमट हवेने फुगली आहे. दाबली की खालीच राहते. दुपारी लक्षात आलं. काढून घासायला हवी होती. घाई केली, चालून जाईल म्हटलं. कार्यक्रमात नेमकी अडकली. वादकाने मला एका शब्दाने विचारलं नाही. चूक माझी."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. काकांनी वही मागून घेतली. अक्षर ओळखीचं होतं, तरी त्यांनी दोनदा वाचलं.

"शेजारच्या खुर्चीत बसायचा," ते म्हणाले. मिस्त्रींना ते कधी अरेतुरे करत नसत. "अठरा वर्षं. आणि मी त्या वादकाच्या बोटांना नावं ठेवत बसलो."

मुलीला वाटलं, माफी मागावी. कोणी कोणाची, ते तिला ठरवता येईना. मास्तर तबकडी पाकिटात घालायला उठले, तसं काकांनी त्यांना हातानेच थांबवलं.

"पुढचं लावा."

"कुठलं पुढचं?"

"त्या जागेच्या पुढचं. तिथून पुढे आपण फक्त आपलं भांडण ऐकलंय."

मास्तरांनी सुई टेकवली. शांतता सरली आणि पियानो उतरणीला लागला, कसलीही घाई न करता. निम्म्यावर आल्यावर तो वळला. पुन्हा वर, मघाशी न वाजलेल्या त्याच पट्टीपाशी गेला. तापाने निजलेल्या माणसाला हाक मारून बघावी, इतक्या हलक्या हाताने त्याने ती दाबली.

सूर उमटला. बारीक, पण स्वच्छ. तो पुरता विरेपर्यंत वादक थांबून राहिला.